साडेनऊ फूट

सरकारी वकिलाचे हात पुरले नाहीत, तेव्हाच मला कळलं. त्याने खाकी कागदाच्या पिशवीतून तो झेंडा काढला, दोन कोपरे धरून हात फाकवता येतील तितके फाकवले, तरी मधला भाग झोळीसारखा लोंबत राहिला. मग त्याने बेलिफला खूण केली. बेलिफने दुसरं टोक धरलं आणि दोघे एकमेकांपासून मागे मागे सरकत गेले. जळका काठ जमिनीला लागू नये म्हणून बेलिफ बिचारा वाकून उभा होता. कोर्टात कुणीतरी ‘च्च्’ केलं. माझ्या शेजारी ज्युरीत बसलेली नेल्डा, शाळेत तिसरीला शिकवते ती, तिने तोंडावर हात ठेवला. मी मात्र मनातल्या मनात टेप लावत होते. चाळीस वर्षं बायकांच्या कमरा नुसत्या नजरेने मोजल्यात, मापाच्या बाबतीत माझा डोळा मला फसवत नाही. रुंदी पाच फूट. लांबी, जळून उरलेली, सहा-सव्वासहा. निळा चौकोन एवढा, म्हणजे पट्टे तेवढे, म्हणजे मूळचं कापड साडेनऊ फूट. दारावर लावायला दुकानात मिळतो तो तीन बाय पाचाचा असतो, आणि नायलॉनचा. नायलॉन नीट जळत नाही, वितळतो. काठाला काळे मणी धरतात. या झेंड्याचा काठ मऊ होता, हात लावला तर झडेल असा. सुती. पाच बाय साडेनऊ आणि सुती. असा झेंडा कुणी विकत आणत नाही. तो घरी येतो. आधी शवपेटीवर येतो आणि मग तुमच्या मांडीवर.

मी आजूबाजूला पाहिलं. आणखी कुणाला कळलं असेल असं वाटेना. सरकारी वकील पोरसवदा होता, त्याच्या घरात असलं काही आलं नसावं, आणि आलं नसेल तर ते चांगलंच. ज्युरी निवडताना त्यानेच विचारलं होतं, घरातलं कुणी फौजेत असेल तर हात वर करा. आमच्या सॅन अँटोनियोत हे विचारणं म्हणजे घरात कुणाला दात आहेत का विचारण्यासारखं. सगळ्यांचेच हात वर गेले. तो हसला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. कुणाचं कोण परत आलं, हे काही त्याने विचारलं नाही. उलट मला बघून त्याला बरंच वाटलं असणार. काळा स्वेटर, गळ्यात क्रूस, म्हातारी, ओफेलिया काँतू, शिवणकाम. अशी बाई झेंडा जाळणाऱ्याला सोडते की काय!

आरोपीचं नाव ओसिएल किरोगा. चोवीस वर्षांचा, मान बारीक, उसन्या सुटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. दीड इंच तरी आत घ्यायला हव्या होत्या. गेल्या मे महिन्यात, फौजेतल्या मेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी, त्याने सैन्यभरतीच्या कार्यालयासमोर फुटपाथवर हा झेंडा पसरला आणि एका टोकाला काडी लावली. घोषणा नाही, पत्रक नाही, बरोबर कुणी नाही. रस्त्यातल्या एका माणसाने त्याला खाली पाडलं, दुसऱ्याने बुटांनी आग विझवली, म्हणून एवढा तरी उरला. फोटो होते, साक्षीदार होते, आणि ओसिएल स्वतःच म्हणत होता की हो, मी जाळला. सरकारी वकिलाने विचारलं, “कुठून आणलास?” “घरातून.” “विकत घेतला होता?” “नाही.” “मग चोरलास?” यावर ओसिएलने वकिलाच्या खांद्यावरून मागे, तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. “नाही,” म्हणाला. त्याचा स्वतःचा वकील अर्धवट उठला, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा बसला. तेव्हा मी तिसरा बाक पाहिला. एक बाई, पन्नाशीची, काळा कोट घातलेली. कोटाची खांद्यावरची शिवण उसवून आतलं अस्तर दिसत होतं. तिचे हात मांडीवर होते आणि टॉर्तियाची कणीक मळावी तसे एकमेकांत फिरत होते. मग मला ओसिएलचा राग आला. असा आला की कानशिलं तापली. आईला विचारलं होतंस का रे, मेल्या? तिच्या कपाटातनं न विचारता काढलास ना? सरकारचा झेंडा, देशाचा झेंडा, ते तुम्ही वकील लोक बघून घ्या. पण तो तिचा झेंडा होता. ती रोज त्याच्यावरची धूळ पुसत असणार. एक दिवस फडकं घेऊन गेली असेल, आणि जागा रिकामी.

माझा माझ्या निजायच्या खोलीत आहे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, काचेच्या तिकोनी पेटीत. रुबेनचा. सतरा वर्षं झाली याच महिन्यात. त्या दिवशी दोन माणसं गाडीतून आली तेव्हा मी एका नवरीचा झगा तिच्या अंगावर बेतत होते. ती स्टुलावर उभी, मी गुडघ्यांवर, तोंडात पाच-सहा टाचण्या. जाळीच्या दारातून मला आधी बूट दिसले. चकचकीत बूट, आणि घोट्यापर्यंत सरळ इस्त्रीची घडी. ते बूट दाराशी थांबले आणि मला कळलं, पण ओरडता येईना, कारण तोंडात टाचण्या. मी एक एक टाचणी काढून उशीत खोचली. ते दोघे उभे होते, नवरी स्टुलावर उभी होती, आणि मी टाचण्या मोजून खोचत होते. शेवटची खोचून झाल्यावर ओरडायचं राहूनच गेलं. अजून राहिलंय. कधी कधी मशिनवर बसलेली असताना घशात काहीतरी टोचतं आणि मी उगीच जिभेने चाचपून बघते. दफनाच्या वेळी ज्या शिपायाने झेंडा माझ्या हातात दिला, तो खाली वाकून पाठ केलेलं वाक्य म्हणत होता, राष्ट्राध्यक्षांच्या वतीने आणि कृतज्ञ देशाच्या वतीने, आणि मी त्याच्या पांढऱ्या हातमोज्याच्या अंगठ्याकडे बघत होते. तिथली शिवण सुटली होती. मला वाटत होतं, याला म्हणावं, काढ तो, दोन मिनिटांत टाका घालून देते. तो झेंडा तळहातांवर घेऊन आला आणि माझे हात आपोआप पुढे झाले. हे कुणी शिकवत नाही. बाळ कुणी देऊ केलं की होतात, तसे होतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला आम्हा सहा जणांना आतल्या खोलीत नेऊन बसवलं. लांबट टेबल, कॉफी, आणि सकाळपासून उघडा पडलेला डोनटचा खोका. डीट्झ नावाच्या माणसाला आम्ही प्रमुख केलं, कारण तो सर्वांत उंच होता आणि त्याने पेन आणलं होतं. विमानदलातून निवृत्त, साठीचा, मान ताठ, मिशी बारीक कापलेली. त्याने न्यायाधीशबाईंनी दिलेला कागद वाचला. जो कोणी राष्ट्रध्वज फाडील, विद्रूप करील, नासवील किंवा अन्य प्रकारे हाताळील, आणि ते पाहणाऱ्या कोणाच्या मनाला गंभीर ठेच लागेल हे त्याला ठाऊक असेल, त्याला एक वर्षापर्यंत कैद. “चला,” तो म्हणाला, “पाऊण तासात उरकू. जाळला का? जाळला. ठेच लागली का? माझ्यासमोर जाळला असता तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं. उरलं काय?”

“त्याचा वकील म्हणाला ना,” नेल्डा म्हणाली, “ते बोलणंच आहे म्हणून. तोंडाने नाही, पण बोलणंच.”

“बोलायला देवाने तोंड दिलंय, काडेपेटी नाही,” असं वेंडेल म्हणाला. हा बँकेत काउंटरवर असतो. बाकीचे दोघे हसले. मलाही हसू आलं, कारण वाक्य चांगलं जमलं होतं.

मग चिठ्ठ्या टाकल्या. पाच दोषी, एक कोरी. कोरी माझी. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी डोनटच्या खोक्याकडे बघत बसले. मला काय म्हणायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. डोक्यात एकच शब्द घोळत होता, ‘फाडील’. फाडील, विद्रूप करील. माझा नवरा चोन आठ वर्षांपूर्वी गेला. शेवटचे दोन महिने तो फारसं बोलत नव्हता, पण एक दिवस म्हणाला, “फेला, मला पोराशेजारी ठेव.” आता हे कसं करायचं? सैनिकांच्या दफनभूमीत बापाला जागा नसते. मी जाऊन विचारून आले. खिडकीतली मुलगी चांगली होती, पण नाही म्हणजे नाही. रुबेन शहराच्या त्या टोकाला सरकारी हिरवळीत, आणि चोन या टोकाला आमच्या चर्चच्या कबरस्तानात, मध्ये दोन बस बदलाव्या लागतात. चोन गेला त्या सकाळी मी पेटी उघडली, झेंडा काढला आणि पलंगावर पसरला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. खोलीभर कापड झालं. चांदण्या दुहेरी असतात, एक पुढून, एक मागून, पाठीला पाठ लावून एकाच शिवणीत धरलेल्या. मी उसवणी घेतली आणि खालच्या कोपऱ्यातली मागची चांदणी उसवून काढली. पुढची पुन्हा होती तिथे बसवून टाकली, बारीक टाक्यांनी, अशी की कुणी मोजायला बसलं तरी पन्नास भरतील. आणि काढलेली चांदणी चोनच्या काळ्या कोटाच्या अस्तरात, डाव्या बाजूला, आतून शिवली. तो तीच घेऊन खाली गेला. हे मी पाद्रीबाबांना सांगितलेलं नाही, माझ्या बहिणीला सांगितलेलं नाही. त्या झेंड्याची घडी परत घालताना मात्र फजिती झाली. ती घडी दोघांची असते. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने तिकोन उलटत यायचं. मी दुसरं टोक इस्त्रीखाली दाबून ठेवलं आणि गुडघ्यांवर सरकत सरकत घडी घातली. तीनदा चुकली. चौथ्यांदा पेटीत बसली, पण एका बाजूला फुगीर. अजून फुगीरच आहे.

“मिसेस काँतू,” डीट्झ म्हणाला, आणि आवाज त्याने मुद्दाम मऊ केला होता, “तुम्हाला कसली अडचण आहे?”

मी म्हटलं, “मला तो झेंडा जवळून बघायचाय.”

बेलिफने पिशवी आणून दिली. वेंडेलने ती उलटी करून झेंडा टेबलावर ओतला. ओतलाच. धुराचा वास आला, जुना, शेगडीतल्या राखेचा असतो तसा. कोळपलेल्या कापडाची काळी भुकटी डोनटच्या साखरेवर पडली. डीट्झचा चेहरा एकदम कडक झाला. “असा कोंबलाय पिशवीत?” तो म्हणाला. “इतके महिने? जाळणारा एक गाढव, आणि हे सांभाळणारे दुसरे.” त्याने बाह्या वर केल्या. “हा असा परत जाणार नाही. कुणीतरी ते टोक धरा.” मी उठले. जळकं टोक माझ्याकडे आलं, निळं त्याच्याकडे. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो, कापड ताणलं, लांबीत एकदा दुमडलं, आणखी एकदा दुमडलं. मग मी माझा कोपरा तिरका उलटला, काठावर आणला, आणि तो कसा उलटतो हे मला हाताखाली जाणवलं. मला काही करावंच लागत नव्हतं. कापडाला वाट माहीत होती. दुसरा तिकोन, तिसरा. इस्त्रीची घडी धुतली की जाते, पण वर्षं दोन वर्षं काचेत दाबून राहिलेली सुती घडी जात नाही. मी एक एक तिकोन उलटत डीट्झच्या दिशेने सरकत होते, आणि बघत होते, त्याला कधी कळतंय. चौथ्या घडीला त्याची बोटं थांबली. त्याने कापड थोडं उलगडलं, उजेडाला धरलं. तिरक्या खुणा. एकीशेजारी एक, शेवटपर्यंत.

“हा आधी घातलेला आहे,” तो म्हणाला.

वेंडेल म्हणाला, “म्हणजे?”

“म्हणजे याची ही घडी आधी घातलेली आहे. आणि नीट घातलेली आहे. आमच्या लोकांनी घातलेली आहे.” त्याने दोन्ही हातांत कापड तोललं. “मी पाच वर्षं दफनाच्या तुकडीत होतो. असे दोनशेच्या वर दिलेत. मला आधीच कसं नाही कळलं? एवढा मोठा. एवढा मोठा होता की समोर.”

मला वाटलं, हाच होता की काय तो. मी त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. नसणार. तो पोरगा होता, आणि शहरात असे पुष्कळ. तरीपण मी बघितलं.

“तुम्हाला माहीत होतं,” नेल्डा माझ्याकडे बघून म्हणाली. “तुम्हाला काल सकाळपासून माहीत होतं, दोन्या ओफेलिया.” आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला ‘दोन्या’ म्हणतात.

“हो, मिहा. हो, पोरी.”

“मग बोलला का नाहीत?”

“कारण मला त्याचा राग आलाय. आईच्या वस्तूला हात लावला त्याने.”

“मग तर जास्तच वाईट!” वेंडेल म्हणाला. “सख्ख्या माणसाच्या पेटीवरचा झेंडा जाळायचा म्हणजे...” पुढचं वाक्य काही त्याला जमलं नाही.

तेव्हा मी सांगितलं. मला सांगायचं नव्हतं, पण हातात ते कापड होतं आणि तोंडात या वेळी टाचण्या नव्हत्या. रुबेनचं सांगितलं, चोनचं सांगितलं, उसवणीचं सांगितलं. कोणती चांदणी तेही सांगितलं. म्हटलं, हा कागद वाचला ना आत्ता तुम्ही, फाडील, विद्रूप करील. मी फाडलाय. चांगला धडधाकट झेंडा, फाडलाय. मलाही वर्षभर आत टाका. घर बहीण बघेल.

“काहीतरीच काय,” डीट्झ म्हणाला. “ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“तुम्ही प्रेमाने केलंत.”

“त्याने कशाने केलं, तुम्हाला ठाऊक आहे?”

“तुम्ही चार लोकांसमोर नाही केलंत. खोलीत, दार लावून केलंत.”

“म्हणजे बघायला कुणी नव्हतं म्हणून मी सुटले. मग गुन्हा कापडाचा कुठे राहिला? त्याने चार लोकांना काहीतरी सांगितलं आणि ते लोकांना झोंबलं, हाच गुन्हा ना?” मला माझाच आवाज अनोळखी वाटत होता. मी एरवी अशी बोलत नाही. गिऱ्हाइकाने बाही लांब झाली म्हटलं तर मी गप्प कमी करून देते.

नेल्डाने विचारलं, “आणि समजा दुकानातला असता तर? तीन बाय पाचाचा, नायलॉनचा, आणि त्याच्या घरातलं कुणी गेलेलं नसतं, नुसताच माथेफिरू असता तर?” पोरगी हुशार आहे. या प्रश्नाला मी घाबरतच होते, कारण उत्तर मला आवडणारं नव्हतं. म्हटलं, “तर मला जास्त राग आला असता. पण राग माझा आणि तुरुंग त्याला, हे कुठलं माप? मला झोंबलं तर मी ओरडीन, तोंड फिरवीन, त्याच्याशी जन्मात बोलणार नाही. दार लावून कोंडणार नाही.” हे बोलताना मला तो माथेफिरू स्पष्ट दिसत होता, हसत काडी लावणारा, आणि त्याच्या हातात रुबेनचा झेंडा होता. तरी मी तेच म्हणत होते.

डीट्झ खाली बसला. झेंडा त्याच्या मांडीवर होता, अर्धा घडीत, अर्धा लोंबता. मिशीवरून त्याने बोट फिरवलं. “एका बाईने तो माझ्या तोंडावर मारला होता,” तो म्हणाला. “सत्तर साली. मी वाकून वाक्य म्हणत होतो, तिने घेतला, आणि फाडकन माझ्या तोंडावर. मग खाली टाकला, चिखलात, आणि त्याच्यावर उभी राहिली. बुटांसकट. तिचा नवरा तिला ओढत होता.”

“मग तुम्ही काय केलंत?” नेल्डाने विचारलं.

“काय करणार? ती उतरेपर्यंत उभा राहिलो. मग उचलला, पुसला, तिच्या नवऱ्याला दिला.”

“तिला पकडलं नाहीत?” मी विचारलं.

“पकडायचं? आई होती ती. तिचा हक्क होता.” हा शब्द तोंडातून गेला आणि तो माझ्याकडे बघायला लागला. बघतच राहिला. त्याचे डोळे पाणावले होते आणि त्याचा त्यालाच राग आला होता, असं त्याच्या मानेवरून कळत होतं. “मला त्या पोराचं वागणं पटलेलं नाही,” तो म्हणाला. “हे लिहून ठेवा.”

“मला तरी कुठे पटलंय?”

“ठेच लागली मला. खरंच लागली.”

“मलाही लागली, मिस्टर डीट्झ.”

दुसऱ्या खेपेला चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा चार निर्दोष, दोन दोषी. तिसऱ्या खेपेला एकटा वेंडेल उरला. तो म्हणाला, माझा मेहुणा तुम्हाला कधी भेटला तर त्याला सांगू नका. आणि चिठ्ठी बदलली. मला वाटतं तीनपर्यंत बँकेत पोचायचं होतं हेही त्यात थोडं असेल. माणसं शहाणपणाकडे कुठल्या का वाटेने येईनात. डीट्झने आणि मी घडी पूर्ण केली. एक तृतीयांश कापड नव्हतंच, त्यामुळे तिकोन लहान झाला, आणि पहिल्या वळणाच्या आत जळका काठ झाकला गेला. वरून फक्त निळं आणि चांदण्या. फुगीर नव्हता. दोघांचे हात असले की फुगीर होत नाही.

बेलिफ पिशवी घेऊन आला. डीट्झ म्हणाला, “पिशवीत नाही.” बेलिफ म्हणाला, नियम आहे. डीट्झ म्हणाला, “बाळा, मला नियम शिकवू नको.” आणि तो तसाच, एक तळहात खाली, एक वर, झेंडा छातीशी धरून आमच्या पुढे चालायला लागला. आम्ही मागे. दार उघडलं. कोर्टात माणसं कुजबुजत होती, सरकारी वकील कागद लावत होता. डीट्झला चालण्याची सवय अजून होती, टाच आधी, सावकाश, त्या जुन्या फरशीवर ठक, ठक. तो ज्युरीच्या जागेकडे वळायचा होता, पण त्यासाठी बाकांच्या समोरून जावं लागतं. तिसऱ्या बाकावरची बाई उभी राहिली. कुणी तिला उठायला सांगितलं नव्हतं. तिचे हात पुढे आले, तळवे वर, कोपरं पोटाशी. ती झोपेतून उठल्यासारखी दिसत होती. डीट्झ थांबला. देता येत नव्हता, तो पुरावा होता, पुढेही जाता येत नव्हतं. पाच-सहा श्वास तो तिच्यासमोर तसाच उभा राहिला. न्यायाधीशबाईंनी हातोडी उचलली होती, ती त्यांनी आवाज न करता खाली ठेवली. ओसिएल पहिल्यांदा रडला, हुंदका न देता, उसन्या बाहीने नाक पुसत. आणि मी खाली बघितलं तर माझेही हात पुढे आलेले होते. मी ते पटकन स्वेटरच्या खिशात घातले.

डीट्झने आमचा निकाल वाचला. निर्दोष. मागच्या बाकावरून एकजण “लाज वाटू द्या!” म्हणून ओरडला आणि दार आपटून निघून गेला. जाऊ दे. त्याचाही हक्क.

बाहेर उत्तरेचं वारं सुटलं होतं. मी बसथांब्यावर उभी राहिले, स्कार्फ हनुवटीखाली बांधून. मला बरं वाटत नव्हतं. केलं ते बरोबर केलं असं वाटत होतं आणि तरीही आत कुठेतरी कुणीतरी न विचारता कपाट उघडत होतं. तेवढ्यात ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ओसिएल लांब होता, वकिलाशी बोलत. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “तुमचा कोण?”

“मुलगा. रुबेन.”

“किती वर्षं?”

“सतरा.”

“माझाही मुलगा, एलिसेओ. बैरूतच्या स्फोटात. या ऑक्टोबरात दोन झाली.” तिने नाकावरून हात फिरवला. “मी तुमचे हात पाहिले.”

मग मला राहवलं नाही. “त्याने तुम्हाला विचारलं होतं का? न्यायच्या आधी?”

ती माझ्याकडे वळली. सतरा वर्षांपूर्वी आरशात हा चेहरा मी पाहिलेला होता. “विचारलं होतं?” ती म्हणाली. “मी काढून दिला. माझ्या हाताने. म्हटलं, मला चालवत नाही रे तिथपर्यंत, तू ने. काडेपेटीही माझ्याच चुलीवरची. आणि मग हा गाढव म्हणतो, आईचं नाव कोर्टात घेतलं तर मी गुन्हा कबूल करून मोकळा होईन. दोन दिवस मला तोंड उघडू दिलं नाही.”

माझी बस आली, थांबली, आणि गेली. मला तिला खूप काही सांगायचं होतं, दोन दिवस मी तिच्या पोराला मनात काय काय म्हटलं ते, चोनच्या कोटाचं, चांदणीचं, आणि हेही की सतरा वर्षांनीसुद्धा हात पुढे होतातच. पण तिच्या खांद्यावर ती शिवण होती, वाऱ्याने आणखी उसवत चाललेली, आतलं अस्तर फडफडत होतं. मी माझं पाकीट उघडलं. सुई आणि काळा दोरा माझ्याकडे नेहमी असतो.

“इकडे या जरा,” मी म्हटलं. “हलू नका.”